नोकरी सुटते, कायक सुटत नाही



अलीकडे मठात येणाऱ्या अनेकांच्या मुखी एकच दुःख असते. "अप्पाजी, नोकरी गेली. आता या वयात काय करू?" या प्रश्नाला नुसत्या आशीर्वादाचे उत्तर पुरत नाही, हे आम्ही एका अनुभवातून शिकलो. तो आधी सांगतो.

एक सद्भक्त बावीस वर्षे लेथ मशीनवर काम करीत होते. कारखाना बंद पडला. ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही म्हणालो, "धीर धरा, शिव सारे पाहतो आहे." त्यांनी तो शब्द शिरोधार्य मानला आणि कारखान्याचे दार पुन्हा उघडेल म्हणून वर्षभर वाट पाहिली. पत्नीच्या बांगड्या गेल्या, मुलीचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. पुढे ते मठातही येईनासे झाले. निरोप धाडून बोलावले, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "लोक विचारतात, सध्या कुठे असता? काय सांगू?" त्या दिवशी आमची चूक आमच्या ध्यानी आली. आम्ही धीर दिला होता, कायकाचा विचार दिला नव्हता.

नोकरी आणि कायक या दोन गोष्टी एक नव्हेत. नोकरी दुसऱ्याच्या हाती असते. तो देतो, तोच काढून घेतो. काया झिजवून, सत्याने केलेले आणि लोकांच्या उपयोगी पडणारे काम ते कायक. ते आपल्या हाती असते. नोकरी गेली म्हणजे एक जागा गेली, हातातील विद्या गेली नाही.

१२ व्या शतकातील कल्याणच्या शरणांत मोळिगे मारय्यांचे स्मरण करा. परंपरा सांगते की ते पूर्वाश्रमी काश्मीरचे राजे होते. कल्याणला आल्यावर त्यांनी लाकडाच्या मोळ्या विकण्याचे कायक पत्करले, आणि त्याच मोळीवरून त्यांचे नाव पडले. सिंहासनावरून मोळीकडे येणे यापेक्षा मोठा व्यवसायबदल कोणता? परंतु अनुभवमंटपात त्यांना कोणी 'माजी राजा' म्हणून ओळखले नाही. मडिवाळ माचिदेव धुणे धुवीत, अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत, नुलिय चंदय्या दोर वळीत. कामावरून तेथे मान कमी-अधिक झाला नाही.

आयदक्की लक्कम्मांची कथाही येथे आठवावी. पती मारय्या एके दिवशी नित्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणतात, तेव्हा त्या ते परत करावयास लावतात. गरज किती आणि हाव किती, हे त्या माऊलीला कळत होते. नोकरी गेलेल्या घरातही असाच हिशेब पती-पत्नीने एकत्र बसून मांडावा. घरापासून लपवलेली बेकारी दुप्पट जड होते.

आमच्या त्या भक्ताला आम्ही मग तीन प्रश्न विचारले. तुमच्या हाताला काय येते? गावात कोणत्या कामासाठी लोक अडून राहतात? ते काम खोटेपणावाचून करता येईल का? त्यांनी विचार केला. लोखंडाची जाण होतीच. त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात सहा महिने, वयाने लहान अशा कारागिराच्या हाताखाली बसून, मोटार रिवाइंडिंग शिकून घेतले. आज ते शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करतात. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे, पण "कुठे असता?" या प्रश्नाला आता त्यांच्याजवळ उत्तर आहे.

नवे काम धरावे म्हणजे जुना हक्क सोडावा, असे मात्र नव्हे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तेथील सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाले. तीन दशके लोटली होती. यातून दोन बोध घ्यावेत. घामाचा पैसा मागणे ही याचना नव्हे, म्हणून कागदपत्रे जपा आणि दावा सोडू नका. पण त्या पैशाच्या आशेवर चूल थांबवून ठेवू नका. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, कपातीत काढलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम ४५ दिवसांत देण्याची तरतूद आहे. नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधीबरोबर तिचीही चौकशी करा.

आता ज्यांची नोकरी शाबूत आहे, त्यांना दोन शब्द. दासोह म्हणजे केवळ पंगत वाढणे नव्हे. शेजारच्या बेकार बंधूला उपदेश करण्याऐवजी एखादे काम सांगा, ओळख करून द्या, आपली विद्या शिकवा. आणि तो पंगतीला आला, तर "सध्या काय करता?" असे चारचौघांत विचारू नका.

या महिन्यात प्रत्येकाने इष्टलिंग पूजेनंतर क्षणभर आपल्या दोन्ही हातांकडे पाहावे आणि स्वतःला विचारावे, माझे पद उद्या गेले, तर हे हात कोणाच्या उपयोगी पडतील? याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याचे कायक कोणी काढून घेऊ शकत नाही.

शरणु शरणार्थी.