निबंधाचे गुण आणि परीक्षकाची नजर

माहुलच्या कोळीवाड्यातून चेंबूरच्या महाविद्यालयात जाणारी प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. इंग्रजीच्या परीक्षेत ‘माझी वस्ती’ या विषयावर निबंध आहे. ती खाडीचा चिखल, ओहोटीच्या वेळी तेथे उतरणारे रोहित पक्षी, तेलशुद्धीकरण कारखान्यांचे टँकर आणि वडिलांच्या जाळ्यात येणारी मासळी यांविषयी लिहिते. विचार तिचा स्वतःचा आहे, मांडणीही नेटकी आहे. मात्र ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे चौदा ठिकाणी गळली आहेत. शेजारच्या बाकावरील विद्यार्थी पर्यावरणाचे महत्त्व सांगणारा, गाइडमधून पाठ केलेला निबंध निर्दोष उतरवून काढतो. वीसपैकी कोणास किती गुण द्यावयाचे?

अमेरिकेत पॉल डीडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. महाविद्यालयीन प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध निरनिराळ्या क्षेत्रांतील ५३ जाणत्या वाचकांकडे देण्यात आले. निकष मुद्दामच सांगितले नव्हते. प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे नऊ श्रेणी लावावयाच्या होत्या. १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! वाचक बेफिकीर होते असे नव्हे. कोणी विचाराला महत्त्व देत होता, कोणी व्याकरणाला, कोणी मांडणीला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी लेखनातील व्यक्तित्वाला.

तेव्हा काय मोजावयाचे हे आधी ठरले पाहिजे. वीस गुणांपैकी आशयास आठ, मांडणीस पाच, वाक्यरचना व शब्दयोजनेस चार आणि व्याकरण-शुद्धलेखनास तीन, अशी विभागणी प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. आकड्यांबद्दल मतभेद होऊ शकेल. ते परीक्षकांनी आपसांत ठरवावेत.

व्याकरणाच्या चुकांबाबत मात्र थोडे थांबावयास हवे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. चौदा ठिकाणी ‘द’ गळला तरी अज्ञान एकच असते. त्याचे गुण एकदाच कापावेत. याउलट काळाची चूक अशी असेल की मासळी कमी झाली, की कमी होणार आहे, हेच कळू नये, तर ती केवळ व्याकरणाची चूक राहत नाही, आशयासच बाधा येते. लाल शाईला हा भेद आपोआप कळत नाही.

तपासणीपूर्वी सर्व परीक्षकांनी पाच-सहा उत्तरपत्रिका एकमेकांस न विचारता तपासाव्यात, मग गुण ताडून पाहावेत. जेथे तफावत मोठी, तेथे चर्चा करावी व त्याच उत्तरपत्रिका नमुना म्हणून टेबलावर ठेवाव्यात. संध्याकाळच्या शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत हात सैल किंवा कडक होतोच, हे परीक्षकांस ठाऊक आहे. त्या वेळी नमुना पुन्हा वाचावा.

उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचा नियम १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला होता. २०११ साली त्याच न्यायालयाने माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. परंतु छायाप्रतीवर नुसता ‘१५’ हा आकडा असेल, तर माहुलच्या त्या मुलीने काय समजावे? समासात ‘आशय ७, मांडणी ४, वाक्यरचना ३, व्याकरण १’ असे लिहिलेले असल्यास ती उपपदांचा धडा उघडून बसेल.