छडी हवी की झगा?

मुलांना सावध करायला सांगितलेली गोष्ट त्यांच्या कानात भलत्याच वाटेने शिरते. याचा चांगला नमुना जे. के. रोलिंग यांच्या जादूगारांच्या जगात सापडतो. बीडल नावाच्या जुन्या कथाकाराची तीन भावांची गोष्ट तिथली मुले आईच्या तोंडून ऐकत वाढतात. तिघे भाऊ घातकी नदीवर जादूने पूल उभारतात. सावज निसटल्याने चिडलेला मृत्यू वरकरणी कौतुक करतो आणि प्रत्येकाला बक्षीस देऊ करतो. भांडखोर थोरला अजिंक्य छडी मागतो, तिची बढाई मारतो आणि त्याच रात्री झोपेत त्याचा गळा चिरला जातो. मधला मेलेल्यांना बोलावणारा खडा मागतो. जिच्याशी लग्न करायचे होते ती परत येते खरी, पण उदास आणि गारठलेली. शेवटी तो जीव देतो. धाकट्याला एवढेच हवे असते, की मृत्यूने आपला माग काढू नये. मृत्यूला नाइलाजाने स्वतःचा अदृश्य करणारा झगा त्याला द्यावा लागतो. म्हातारपणी धाकटा तो मुलाला देतो आणि मृत्यूबरोबर मित्रासारखा निघून जातो.

तात्पर्य लहान पोरालाही कळावे इतके उघड आहे. तरी 2007 सालच्या ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’मध्ये हॅरी आणि रॉन या आपल्या मित्रांना हर्मायनी ही गोष्ट वाचून दाखवते, त्याच बैठकीत यातले सर्वांत चांगले काय असा विषय निघतो आणि तिघे एकाच वेळी तीन उत्तरे देतात. हर्मायनी झगा म्हणते, रॉन छडी, हॅरी खडा. म्हणजे तिघांपैकी दोघांनी जीवघेणीच वस्तू निवडली. त्यांच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याच्यासारखा विद्वान तरुणपणी या गोष्टीकडे खजिन्याचा नकाशा म्हणून बघतो आणि उतारवयात खडा बसवलेली शापित अंगठी बोटात घालून मरण ओढवून घेतो. माझ्या मते दोष ऐकणाऱ्यांचा नाही. शिक्षा दुसऱ्या कुणाला होते, वस्तू मात्र आपल्याला मिळाली तर, असाच विचार मनात येतो.

या कथेवर इंग्रज कवी चॉसरच्या चौदाव्या शतकातल्या एका कथेची छाया आहे. तिथे मृत्यूला मारायला निघालेले तिघे सोन्यापायी एकमेकांचा जीव घेतात. तिचे जुने भावंड आपल्याकडच्या बौद्ध जातककथांपैकी वेदब्भ जातकात आहे. मंत्राने पाडलेल्या रत्नांसाठी चोर आपसांत कापाकापी करतात, उरलेल्या दोघांपैकी एक भातात विष कालवतो, दुसरा त्याला तलवारीने मारतो आणि मग तोच भात खातो. पण सोने सगळ्यांना सारखेच हवे असते. रोलिंग यांच्या कथेत प्रत्येक बक्षीस मागणाऱ्याच्या स्वभावातून येते, म्हणून तिथला मोह ऐकणाऱ्याला जास्त जवळचा वाटतो.

मग मोहाची वस्तूच बोथट करावी, रक्त पुसून टाकावे, असे कुणी म्हणेल. रोलिंग यांनी या सल्ल्याची आधीच टर उडवली आहे. बीडलच्या गोष्टी गोडगोड करून लिहिणाऱ्या ब्लॉक्सम बाईंचे पुस्तक ऐकले की जादूगारांच्या मुलांना कोरड्या ओकाऱ्या येतात, असे या गोष्टींवरच्या डंबलडोरच्या टिपणात आहे. ते मला पटते. छडी हवीशी वाटली नाही, तर थोरल्याच्या मरणाचे पोराला काय? उलट, रॉनची आई गोष्टीतली तिन्हीसांजेची वेळ बदलून मध्यरात्र करते. भीती वाढवायचा तिचा हा हक्क मला मान्य आहे.

सांगणाऱ्याने बदलायचे ते दुसरीकडे. थोरल्याची लढाई दोन वाक्यांत उरकावी आणि परत आलेली ती मुलगी गप्प का, यावर रेंगाळावे. कुठली वस्तू हवी, हे मुलाला जरूर विचारावे आणि उत्तर छडी आले तर रागावू नये. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: धाकट्याने झगा काढला कशासाठी? बीडलने ते सांगितलेले नाही. मूल काहीतरी विचित्र उत्तर देईल, ते दुरुस्त करायची घाई कशाला?