मोटारीचा थाट

विद्यार्थी मित्रांनो, चिल्हार फाट्याकडून बोईसरला येणाऱ्या रस्त्यावर तुम्ही रोज किती तरी वाहने पाहता. तारापूरच्या कारखान्यांचे ट्रक जातात, टेम्पो जातात, मोटारी जातात. एखादी नवी मोटार आली, की आपण तिचा रंग, दिवे आणि चकाकी पाहतो. या बाहेरच्या रूपाचाही एक इतिहास आहे.

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या अमेरिकन मोटारी जोडल्या जात. गंमत अशी, की पुष्कळदा या तिन्हींचा सांगाडा एकच असे. समोरची जाळी, नावाची पट्टी आणि क्रोमची नक्षी बदलली, की मोटारीचे नाव बदले!

या मोटारींचा थाट मोठा होता. लांब बॉनेट, रुंद जाळी, जाड बंपर आणि ऐसपैस डिकी. १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला तर मागे दोन छोटे पर आले. सातपाटीच्या बंदरावर तुम्ही माशांचे पर पाहिले असतील. मोटारीचे हे पर मात्र एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचले होते. लोकांना ते आवडले. मग पुढे ते वाढत गेले. १९५९ च्या कॅडिलॅकचे पर सर्वांत उंच आणि टोकदार होते. त्याच वर्षीच्या शेव्हरले इंपालाचे पर पक्ष्याच्या पंखांसारखे आडवे पसरलेले होते. ही इंपाला पाच मीटरांहून लांब होती. आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी जेमतेम चार मीटरांची!

या परांचा रोजच्या प्रवासात उपयोग काय? जवळजवळ काहीच नाही. ती केवळ शान होती. राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाने १९६५ साली एका पुस्तकात दाखवून दिले, की असे टोकदार भाग रस्त्यावरच्या माणसांना जखमी करतात. तोपर्यंत परांची हौस ओसरली होती. पण प्रश्न उरलाच : मोटारीचे रूप कोणासाठी घडवायचे? आत बसणाऱ्यासाठी, की बाहेर चालणाऱ्यासाठीही?

हा प्रश्न आपल्या रस्त्यावरही आहे. काही जण गाडीच्या पुढे लोखंडी नळ्यांचा जाड गार्ड बसवतात. गाडी रुबाबदार दिसते. परंतु नव्या मोटारींचे बंपर आणि बॉनेट धक्का बसताच दबतील, असे बनवतात. दबताना ते धक्क्याचा काही जोर स्वतः सोसतात. लोखंडी गार्ड दबत नाही. तो सगळा जोर समोरच्या माणसाला बसतो. मोठ्या माणसाच्या मांडीला जो गार्ड लागेल, तोच लहान मुलाच्या छातीला लागेल. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्यास सर्व राज्यांना कळवले.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या गॅरेजमध्ये काम शिकतील, काही जण गाडी चालवतील. कोणी गाडीला गार्ड बसवायला सांगितला, तर त्याला हे कारण समजावून सांगा. गाडी जरूर सजवा. पण त्या सजावटीने शाळेतून घरी चालत जाणाऱ्या मुलाला इजा होणार नाही, एवढे पाहा.

शब्दार्थ
थाट – शान, डौल
ऐसपैस – भरपूर जागा असलेली
हौस – आवड, शौक
इजा – दुखापत

स्वाध्याय
१. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या मोटारींत कोणता फरक असे?
२. मोटारीला पर लावण्याची कल्पना कशावरून सुचली?
३. लोखंडी गार्ड लहान मुलांना अधिक धोक्याचा का आहे?
४. तुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या वाहनाच्या बाह्यरूपाचे पाच वाक्यांत वर्णन करा.