संगणक नवा झाला, पण पत्रांचे दफ्तर कोठे राहणार?

विंडोज १० या प्रणालीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. त्यानिमित्ताने पिंपरी, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यातील छोट्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी आपापल्या संगणकांवर विंडोज ११ चढवून घेतली. हे काम बहुधा ओळखीचा दुरुस्तीवाला तास-दोन तासांत करून देतो. यंत्र सुरू होते, बिले निघतात, प्रिंटर चालतो आणि मालक समाधानाने पैसे देतो. चार-आठ दिवसांनी एखाद्या कंपनीचे जुने पत्र शोधायला बसावे, तर ई-मेलची ती ओळखीची खिडकीच जागेवर नसते.

मग पहिला प्रश्न येतो, आता ई-मेलसाठी कोणता प्रोग्रॅम घ्यावा? आमच्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, आपली पत्रे मुळात राहतात कोठे?

या पट्ट्यात हा प्रश्न हौसेचा नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडभोवती कारखाने वाढत गेले. पुढे चाकणला १९९९ साली बजाज ऑटोचा व २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कंपन्यांच्या आधाराने हातमोजे, गणवेश, अ‍ॅप्रन, यंत्रे पुसण्याचे कापड, लाकडी पॅलेट असा माल देणारे आपले कितीतरी बांधव उभे राहिले. पूर्वी ऑर्डर कागदावर येई आणि चलनाच्या कार्बन प्रतीवर गेटवरचा शिक्का बसे. आज ऑर्डर ई-मेलने येते, दर ई-मेलने ठरतो, माल नापास झाला तर तेही ई-मेलनेच कळते. म्हणजे ई-मेलची पेटी हीच आपली फाइल झाली आहे.

देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा स्पष्ट आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत मोठी आयत व्यापाराच्या लिखापढीविषयी असावी, यावर आपल्यापैकी किती जण थांबून विचार करतात? आजच्या कायद्याचाही कल तोच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याचा दिवसच स्वीकाराचा दिवस धरला जातो. हरकत आली होती की नाही, आली तर कोणत्या तारखेला, याचा पुरावा तुमच्या ई-मेलमध्ये असतो. (केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा लाभ नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि त्या कायद्यातील व्याजाचा भाग ज्याला नको त्याने तो सोडावा. मुद्दल तर घामाचे आहे.) जीएसटीची हिशेबवही व कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, ही बाब वेगळीच.

आता पत्रे राहतात कोठे ते पाहू. ई-मेल आणण्याच्या दोन रीती आहेत. एक पॉप, दुसरी आयमॅप. पॉप ही जुनी रीत. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई आणि मिनिटागणिक बिल चढे. तेव्हा जोडणी करायची, सगळी पत्रे झटपट आपल्या यंत्रात उतरवायची आणि तार मोकळी करायची, हेच शहाणपणाचे होते. पॉपमध्ये पत्र आपल्या यंत्रात येते आणि सोय बदललेली नसेल तर पलीकडच्या सर्व्हरवरून पुसले जाते. स्वतःच्या फर्मच्या नावाचा ई-मेल पत्ता घेतलेले अनेक जण अजूनही याच रीतीने चालतात, कारण त्यांना सर्व्हरवर जागा थोडी मिळते. आयमॅपमध्ये उलट आहे. मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि आपल्या यंत्रात त्याचे प्रतिबिंब दिसते. यंत्र बदलले तरी पत्र जात नाही. मात्र यंत्रात पुसले तर तिकडेही पुसले जाते.

आपली रीत कोणती हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरपुढे ९९५ हा आकडा असेल तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप. ११० किंवा १४३ दिसला, तर पत्रे बहुधा कुलपाविना ये-जा करत आहेत. ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

भोसरीकडे शिलाईचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराचे खाते पॉपचे होते आणि प्रोग्रॅम थंडरबर्ड. दुरुस्तीवाल्याने यंत्र फॉरमॅट करण्यापूर्वी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढेच पेन ड्राइव्हवर घेतले. थंडरबर्डची पत्रे तेथे नसतात. ती वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘रोमिंग’च्या आत असतात आणि विंडोज ते फोल्डर लपवून ठेवते. तीन वर्षांचा पत्रव्यवहार गेला, आणि त्यात एका कंपनीने गणवेशाचा वाढीव दर मान्य केल्याचे पत्रही गेले. आउटलुकचे वेगळे आहे. त्याच्या पॉप खात्याची पत्रे ‘पीएसटी’ नावाच्या एका फाइलमध्ये असतात आणि ती बहुधा डॉक्युमेंट्समध्येच सापडते. तेव्हा काम देताना दुरुस्तीवाल्याला ‘सगळा डेटा घे’ असे मोघम सांगू नये. फाइलचे नाव घेऊन सांगावे आणि प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवायला लावावी. शक्य असेल तेथे फॉरमॅट न करता आहे त्यावरच नवी प्रणाली चढवावी, म्हणजे प्रोग्रॅम व फाइली जागच्या जागी राहतात.

आता प्रोग्रॅमची निवड. विंडोज १० मध्ये आलेल्या ‘मेल’ या प्रोग्रॅमची देखभाल ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली, त्यामुळे तो विचारातून गेला. विंडोज ११ सोबत ‘नवे आउटलुक’ फुकट येते. दिसायला सुबक आहे, पण फुकट वापरणाऱ्याला जाहिराती दाखवते आणि दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले तर त्याची पत्रे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही नेऊन ठेवते. ज्याला ते चालते त्याने खुशाल वापरावे. ग्राहकाचा दर ही अमानत आहे असे मानणाऱ्याने आधी विचार करावा. जुन्या धर्तीचे आउटलुक भक्कम आहे, पण ते विकत घ्यावे लागते. बाजारात त्याची ‘क्रॅक’ प्रत कोणीही टाकून देतो. ती घेऊ नये. एक तर ती सरळ चोरी आहे, शिवाय अशा प्रतीबरोबर कोण काय आत सोडील याचा नेम नाही, आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचे काम करतो. ‘ईएम क्लायंट’ची फुकट प्रत घरगुती वापरापुरती आहे; दुकानासाठी त्याचे पैसे भरावे लागतात.

आमचा कौल थंडरबर्डला आहे. मोझिलाचा हा प्रोग्रॅम २००४ पासून चालू आहे, धंद्यासाठीही मोफत आहे आणि पत्रे साध्या मजकुराच्या धर्तीच्या फाइलींत ठेवतो, त्यामुळे उद्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येतात. मराठी व उर्दू दोन्ही त्यात युनिकोडमध्ये नीट लिहिता येतात. त्याची अडचण एकच, आपली प्रत आपणच काढावी लागते. तो बंद करून त्याचे पूर्ण फोल्डर दर जुम्म्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले की झाले. जीमेलचे खाते जोडताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गुगलची स्वतःची खिडकी उघडते, तेथून परवानगी द्यावी.

ज्या पत्रावर पैसे अडले आहेत त्याची छापील प्रत पुरेशी समजू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकातील नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते पत्र ‘ईएमएल’ फाइल म्हणून वेगळे जतन करावे, मूळ पत्र पेटीतून हलवू नये, आणि वकिलाकडे जाताना दोन्ही सोबत न्यावे.