काच कोणते किरण अडविते?

आपल्या डोळ्यांस दिसतो तेवढाच सूर्यप्रकाश, असे नाही. लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही, तेथे ठेवलेला चांदीच्या क्षाराचा कागद काळा पडतो, हे योहान विल्हेल्म रिटर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली दाखविले. त्या अदृश्य किरणांस आपण अतिनील किरण म्हणतो.

हे किरण खिडकीच्या काचेतून घरात येतात काय? कोणी म्हणतो, येतात. खिडकीचे पडदे विटतात, त्याचे हेही एक कारण आहे. कोणी म्हणतो, येत नाहीत. बंद खिडकीआड बसले असता अंग सहसा पोळत नाही. ह्या वादाचा निवाडा विद्यार्थ्यांस स्वतः करता यावा, म्हणून एक सोपा प्रयोग येथे देत आहोत.

अतिनील किरण मोजणारे एक लहान उपकरण घ्यावे. निरभ्र दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, ते एका जागी पक्के बसवून सूर्याकडे रोखावे. आपण मात्र सूर्याकडे पाहू नये. प्रथम उपकरण पूर्ण झाकून अंक टिपावा आणि तो पुढील प्रत्येक अंकातून वजा करावा. मग उघड्या उन्हातला अंक घ्यावा, नंतर खिडकीची एक काच मध्ये धरून, व शेवटी दोन काचा धरून. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी. समजा, उघड्यावर १०० व एका काचेतून ७० अंक आला, तर दोन काचांतून ४० उरतील असे पुष्कळांस वाटते. परंतु दुसरी काच उरलेल्या ७० चेच शेकडा ७० पुढे जाऊ देते. म्हणून सुमारे ४९ उरतात.

अंक बराच मोठा आला, तेव्हा काच अतिनील किरणांस अडवीत नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. येथेच थांबून विचार करावा. जमिनीवर पोचणारे अतिनील किरण मुख्यतः दोन जातींचे असतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींस ‘अ’ किरण व २८० ते ३१५ लांबीच्या लहरींस ‘ब’ किरण म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्यापर्यंत येणाऱ्या अतिनील प्रकाशात शेकडा सुमारे ९५ भाग ‘अ’ किरणांचाच असतो. साधी काच ‘अ’ किरणांस बऱ्याच प्रमाणात वाट देते, पण ‘ब’ किरणांस जवळजवळ पूर्णपणे अडविते. दोहोंची बेरीज दाखविणाऱ्या उपकरणात ही मोठी घटना लहानशा घटीत लपून जाते. उलट, शुद्ध गारेपासून केलेली क्वार्ट्झ काच दोन्ही जातींस जाऊ देते.

ही घट लहान म्हणून क्षुल्लक मानू नये. आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते ‘ब’ किरणांमुळेच. त्याच्या अभावी मुलांस मुडदूस होतो व हाडे वाकतात. धाराशिव जिल्ह्यास उन्हाची वाण नाही. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्ही सूर्य येथे थेट माथ्यावर असतो. तरीही बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हात बाळास निजविले, तर ऊब मिळेल, ड जीवनसत्त्व मिळणार नाही. कोणत्या वेळी व किती ऊन द्यावे, हे पालकांनी डॉक्टरांस विचारावे. कारण हेच किरण अति झाल्यास त्वचेस व डोळ्यांस अपाय करितात. तसेच, काच आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. मोटारीच्या बाजूच्या साध्या काचेतून ‘अ’ किरण येतच असतात, आणि वर्षानुवर्षे ते अंगावर घेतल्यास त्वचा अकाली सुरकुतते.

काचेप्रमाणे वातावरणही एक गाळणी आहे. त्यातील ओझोन वायू आखूड लहरींचे अतिनील किरण शोषून घेतो, म्हणूनच पृथ्वीवर जीवसृष्टी सुखरूप आहे. म्हणूनच ते किरण अभ्यासावयाचे तर वातावरणाबाहेर जावे लागते. पुण्याच्या आयुका संस्थेत घडविलेली ‘सूट’ नावाची दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघाली, ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून २०० ते ४०० नॅनोमीटर लहरींत सूर्याची चित्रे घेण्यासाठी.

विद्यार्थिमित्रहो, उपकरण खोटे बोलत नाही. पण आपण जे विचारतो तेवढेच ते सांगते. म्हणून ‘किती किरण आले?’ ह्याबरोबर ‘कोणते आले?’ हेही विचारण्याची सवय ठेवा. परमेश्वराने ऊन सर्वांस सारखेच दिले आहे. त्याचा उपयोग कसा करावा हे शोधण्यास बुद्धीही दिली आहे.