पाडव्याला मांडा विहिरीच्या पाण्याचा ताळेबंद

गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, वाट्याच्या जमिनीची बोलणी होतात, पंचांगातील पावसाचे वर्षफल ऐकले जाते. मार्चअखेर सोसायटीचा हिशेबही झालेला असतो. परंतु ज्या विहिरीवर वर्षाचा प्रपंच चालतो, तिचा हिशेब क्वचितच मांडला जातो. शेती हा व्यवसाय आहे आणि आपल्या अवर्षणप्रवण अहिल्यानगर जिल्ह्यात त्याचे खरे भांडवल पाणी आहे.

हिवरे बाजारचा धडा

नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाऊस सरासरी 400 मि.मी.च्या आसपास पडतो. 1972 च्या दुष्काळानंतर येथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली होती. 1989-90 पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणलोटाची कामे केली. मात्र पाणी अडवून गाव थांबले नाही. शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस, केळी यांसारखी जादा पाण्याची पिके यांवर बंदी घातली. 2004 पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, आधी माणसे व जनावरे यांची गरज बाजूला काढून, मग पिके ठरविली जातात. हेच तत्त्व एका विहिरीलाही लागू पडते.

हिशेब असा करावा

1) पंपाचे पाणी मोजणे : 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहावे. 25 सेकंद लागल्यास सेकंदाला 8 लिटर, म्हणजे तासाला 28,800 लिटर पाणी मिळते.

2) एका पाळीची गरज : एक एकराला 5 सें.मी. पाणी देण्यास सुमारे 2 लाख लिटर लागतात. वरील पंपाने त्यास 7 तास लागतील.

3) विहिरीची ताकद : पाडव्याच्या सुमारास विहीर दररोज किती तास चालते व पाणी किती खोल आहे, याची वहीत नोंद ठेवावी.

समजा, नोव्हेंबरमध्ये विहीर रोज 4 तास चालते. दहा दिवसांच्या पाळीत 40 तास, म्हणजे साडेपाच एकर भिजते. मार्चमध्ये तीच विहीर 2 तासांवर येते आणि उन्हामुळे पाळी 8 दिवसांवर येते. तेव्हा 16 तासांत जेमतेम सव्वादोन एकर भिजते. नोव्हेंबरचे पाणी पाहून पाच एकर कांदा लावल्यास, गाठ पोसण्याच्या वेळी निम्म्याहून अधिक क्षेत्राला पाणी मिळत नाही. बी, लागवड व खताचा खर्च मात्र पाचही एकरांवर झालेला असतो. कर्ज थकते ते येथे.

म्हणून उन्हाळी काढणीच्या कांद्याचे क्षेत्र मार्चच्या पाण्यावर ठरवावे. वरील उदाहरणात कांदा दोन एकर घ्यावा. उरलेल्या क्षेत्रात उन्हाळ्यापूर्वी निघणारी, कमी पाण्याची रब्बी ज्वारी व हरभरा घ्यावा. ठिबक संच बसविल्यास वाचलेले पाणी राखीव ठेवावे. त्यावर लगेच क्षेत्र वाढवू नये.

जनावरांचा वाटा

संकरित गाईला पिण्यास दिवसाला 80 लिटर धरले, तरी पाच गाईंना चार महिन्यांत 48 हजार लिटर लागतात. हे एकरभर पाळीच्या पाव हिश्श्याइतकेच आहे. अधिक पाणी लागते ते हिरव्या चाऱ्याला. त्यासाठी खरिपातील मक्याचा मुरघास करून ठेवल्यास उन्हाळ्यात विहिरीवरील भार हलका होतो.

दसऱ्याला फेरतपासणी

पाडव्याची आखणी अंतिम नसते. पावसाळा संपताच दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पातळी मोजावी व मागील वर्षाशी ताडून पाहावी. पाणी कमी असल्यास प्रथम कांद्याचे क्षेत्र कमी करावे. ज्वारीचा पेरा टाळू नये, कारण तिच्यापासून धान्य व कडबा दोन्ही मिळतात.

एक वही, एक दोरी व एक ड्रम यापलीकडे या कामास खर्च नाही. येत्या पाडव्याला गुढी उभारल्यानंतर विहिरीवर जाऊन पहिली नोंद अवश्य करावी.