क्षयाचे जंतू : माणसाचे आणि गुरांचे

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे शहर मंदिरांइतकेच 'डिग्री कॉफी'साठी प्रसिद्ध आहे. पाणी न घातलेले गाईचे दूध हा त्या कॉफीचा प्राण. आरोग्याच्या दृष्टीने मात्र दुधाच्या दाटपणापेक्षा ते उकळले जाते हे अधिक महत्त्वाचे होय. कारण क्षयग्रस्त गाईच्या कच्च्या दुधातून हा रोग माणसाला होऊ शकतो. याच शहरात वाढलेले गणिती श्रीनिवास रामानुजन यांना क्षय झाल्याचे निदान इंग्लंडमध्ये करण्यात आले होते. ते निदानच चुकीचे असावे, असे मत पुढे मांडले गेले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये माणसातील व गुरांतील जंतू भिन्न असल्याचे दाखविले. त्यावरून गुरांच्या क्षयाचा माणसाला विशेष धोका नाही, असा निष्कर्ष कॉख यांनी १९०१ मध्ये काढला. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९११ पर्यंत दहा वर्षे तपास करून तो खोडून काढला. जंतू वेगळे आहेत हे खरे. पण वेगळे म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

माणसातील क्षयजंतूची संपूर्ण जनुकसंहिता १९९८ मध्ये, तर गुरांतील 'मायकोबॅक्टेरियम बोव्हिस'ची २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत ९९.९५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळले. पशुपालनाच्या काळात गुरांकडून माणसाला क्षय लागला, असे पूर्वी मानले जाई. परंतु माणसाच्या जंतूत असलेले काही जनुकखंड गुरांच्या जंतूत गळालेले दिसतात. गळालेला खंड सहसा परत येत नाही. म्हणून गुरांच्या जंतूपासून माणसाचा जंतू निर्माण झाला, ही कल्पना मागे पडली.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. बोव्हिस हा जंतू पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला निसर्गतःच दाद देत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू वेगळे ओळखता येत नाहीत. तामिळनाडूतीलच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांच्या ९४० जंतुनमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बीसीजी लसीतील जंतू वगळता त्यात बोव्हिस एकही सापडला नाही. सात नमुन्यांत मात्र 'मायकोबॅक्टेरियम ओरिजिस' निघाला. ऑरिक्स या कुरंगावरून नाव पडलेला हा जंतू बांगलादेशातील दुभत्या गुरांत आणि चेन्नई परिसरातील गुरांतही आढळला आहे. सात ही संख्या लहान खरी. तथापि, प्राण्यांकडून येणारा क्षय म्हणजे बोव्हिस, ही व्याख्या दक्षिण आशियात अपुरी ठरते, हे तिने दाखवून दिले. केवळ बोव्हिस शोधणाऱ्या चाचणीत ओरिजिसची नोंद होणारच नाही.

अर्थशास्त्रीय अडचण येथेच आहे. गुरांच्या तपासणीचा खर्च पशुसंवर्धन खात्याने आणि शेतकऱ्याने करायचा, आणि रोग टळल्याचा मोठा लाभ आरोग्य खात्याला व दूध पिणाऱ्याला मिळायचा, अशी ही बाह्यपरिणामांची रचना आहे. स्वतःच्या ताळेबंदात लाभ न दिसणारा खर्च कोणतेही खाते आपणहून करीत नाही. अनेक पाश्चात्त्य देशांनी बाधित जनावर मारून मालकाला भरपाई दिली. भारतात बहुतेक राज्यांतील गोहत्याबंदीचे कायदे, लोकभावना आणि एकदोन गाईंवर चालणारे संसार पाहता तो मार्ग जवळपास बंद आहे. उरतो तो वासरांना बीसीजी टोचण्याचा पर्याय. परंतु लस दिलेले जनावरही रूढ ट्युबरक्युलिन चाचणीत बाधित दिसू शकते. त्यामुळे लसीकरणाआधी लस आणि रोग यांत भेद करणाऱ्या चाचणीवर खर्च करावा लागतो, आणि तो कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात धरायचा हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.